गडावर बिघडलेली बस

मैत्रिणींनो, आज निफाडजवळच्या माझ्या माहेरच्या गावात दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान होतं. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरच दुकान बंद होतं. जी बाई येत नाही, तिचा फायदा दुकानालाच.

दुकानदारानं सकाळीच सप्तशृंगी गडासाठी फुकट बस सोडली. देवीला नाही कोण म्हणणार? पन्नास जणी गेल्या. मी रडवेली झाले, पण या मतदानासाठी दोन वर्षं झटलेली माझी वहिनी शांत होती.

"ताई, आईकडंच गेल्यात ना? ती धाडंल माघारी."

पुढचं मला त्याच बसनं गेलेल्या सखूमावशींनी सांगितलं. दर्शन झाल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "बस बिघडली. आता संध्याकाळीच निघू."

मावशींनी प्रसादाचा नारळ त्याच्यापुढे धरला. "यावर हात ठेव अन् देवीकडं बघून सांग, बिघडली म्हणून."

त्याचा हात पुढे येईना. "मावशे, मालक कामावरून काढील मला. पण इथं खोटं नाय बोलवत. बसा गाडीत."

मतदान संपायला वीस मिनिटं उरली असताना बस मतदान चालू असलेल्या शाळेसमोर येऊन थांबली. पन्नास जणी उतरून थेट रांगेत लागल्या, आणि मोजणीत आडवी बाटली जिंकली. दुकान बंद झालं.

अंगावरचा काटा अजून गेलेला नाही. दुकानदाराच्या बाजूला किती माणसं आहेत, एवढंच मी बघत होते. त्यांच्यातल्याच एकाच्या मनात देवी बसलेली असेल, हे मला सुचलंच नव्हतं. तुमच्यासाठी कधी समोरच्या बाजूनंच असं कुणी उभं राहिलंय का?