छत आम्ही स्वतः पाहिले आहे

लातुरात मला छतवाली बाई म्हणायचे. क्लासेसचा सुकाळ आला, गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला शहरात उतरली आणि ज्याच्याकडे चार भिंती होत्या तो रूममालक झाला. त्या पोरांना खोली शोधून देणारं एक छोटं ॲप मी चालवत होते. खोली ॲपवर टाकण्याआधी मी स्वतः जायचे आणि मान वर करायचे. वर माळवद असलं, म्हणजे लाकडी तुळयांवर थापलेली माती, की त्या खोलीला माझ्याकडे जागा नाही. ॲपवर प्रत्येक खोलीला छताचा एक रकाना होता, आणि खाली माझं वाक्य: छत आम्ही स्वतः पाहिले आहे. मालक चिडायचे, भाडं काय तू देणार का म्हणायचे. भूकंपात माझी मावशी अशाच माळवदाखाली गेली. माती उपसताना मी तिथं उभी होते, मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढं ते एकटीला झेपेना. इंटरनेटवर एक बाजार आहे, तिथं असल्या छोट्या कंपन्या जुन्या मोटारसायकलींसारख्या विकायला लावतात. तिथं मीही माझी लावली. मोठ्या शहरातला एक तरुण पुढं आला. व्हिडिओ कॉलवर त्यानं विचारलं, हा छताचा रकाना कशाला? मी मावशीचं सांगितलं. त्यानं छातीवर हात ठेवला, हाच तर या ॲपचा आत्मा आहे म्हणाला, याला धक्का लावणार नाही म्हणाला. शेजारी अप्पा, माझे वडील, ऐकत बसले होते.

करारात ती अट घालावी म्हणून मी एक ओळ लिहिली. अप्पांना ते रुचलं नाही. त्यांचा जन्म आडतीवर, धान्याच्या दलालीत गेला. तिथं बोललेला भाव फिरवणाऱ्यासमोर दुसऱ्या दिवशी कुणी पोतं उघडत नाही, आणि शब्द दिलेल्याकडे कागद मागणं हा त्याचा अपमान.

"त्यानं जबान दिली नं?" अप्पा म्हणाले. "आता कागद मागणं म्हंजी त्याला चोर म्हणणं हाय."

मी ओळ काढली. त्याच्या ओळी मात्र सगळ्या राहिल्या. हेच काम मी या जिल्ह्यात पुन्हा करायचं नाही, ही त्यातलीच एक. मी सही केली.

काही महिन्यांनी भोकरहून एका बाईचा फोन आला. तिच्या मुलीला त्याच ॲपवरून खोली मिळाली होती.

"ताई, तुमी बघितलेली खोली हाय नं?" ती म्हणाली. "पोरीच्या अंथरुणावर वरून माती पडून राहिली."

मी ॲप उघडलं. छताचा रकाना गायब होता. पैसे भरणाऱ्या मालकाला खोली तपासल्याची हिरवी खूण मिळत होती, खोली कुणी बघो न बघो. आणि प्रत्येक खोलीखाली माझं वाक्य होतं तसंच होतं: छत आम्ही स्वतः पाहिले आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बघणं बंद केलं आणि बघितल्याचं तेवढं ठेवलं.

मी तडक खोलीवर गेले. वर पांढरंशुभ्र पीओपी ठोकलेलं. मुलीनं कोपऱ्यात झाडूचा दांडा टेकवला, तर फटीतून भुरूभुरू माती आली. पीओपीच्या वर माळवदच होतं. मालक ओळखीचा निघाला, कधीकाळी मीच त्याची ही खोली नाकारली होती. आता चालतंय की, म्हणाला आणि हसला.

मी त्या तरुणाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला की मजकूरही विक्रीतच आला आहे, बघू. संध्याकाळी त्याच्या वकिलाचा ईमेल आला. मी खोल्यांबद्दल लोकांना सल्ला देत फिरले तर तो करारभंग धरला जाईल. अप्पांनी तो मराठी करून सांगायला लावला. मग म्हणाले, त्या पोरीची पेटी आपल्याकडं आण, आपल्या घरावर स्लॅब हाय.

ती मुलगी आता आमच्या पुढच्या खोलीत अभ्यास करते. माझा फोन नंबर तोच आहे. कुणीही आई-बाप बोलावू दे, मी जाते, मान वर करते आणि दिसेल ते तोंडावर सांगते, फुकट. दावा लावायचा तर लाव म्हणावं. कोर्टात मी त्याला एवढंच विचारणार आहे, त्या खोलीत तू तुझ्या लेकराला झोपवशील का?