लोसाच्या पुढच्या शिक्षणाची बैठक

सामोआतल्या लोसाला पुढच्या पदवीसाठी परदेशातली शिष्यवृत्ती मिळाली. अर्जात विषय तेवढा भरायचा राहिला होता: मेकॅनिकल इंजिनिअरिंग की आर्किटेक्चरल. पण घराण्याला विचारल्याशिवाय, प्रमुखांच्या सहीशिवाय अर्ज कसा जाणार? म्हणून बैठक बसली, बिनभिंतींच्या जुन्या घरात, प्रत्येक वडीलधारा आपापल्या ठरलेल्या खांबाला पाठ टेकून.

"मेकॅनिकलच घे," घराण्याचे प्रमुख तुइमाली मामा म्हणाले. "आपल्या नव्या सभागृहाचा एसी सारखा बंद पडतो. शिकून आलीस की कायमचा नीट करशील."

लोसाचं डोकंच फिरलं. वर्षभरात चार वेळा तिनंच तो एसी खोलला होता, घामानं निथळत.

"एसीला काय धाड भरलीय, मामा? पश्चिमेला नुसती काच, एक खिडकी उघडत नाही! भट्टी बांधलीत तुम्ही, आणि शिव्या एसीला! जन्मभर तुमची भट्टी थंड करत बसू का मी? मला इमारती बांधायला शिकायचंय, एसी लागणारच नाही अशा."

"अगं, हळू बोल. वडीलधारे बसलेत," मामांनी दटावलं.

"बसलेत ना? मग सभागृहात का नाही बसले?"

समुद्रावरचा वारा घरातून आरपार गेला. मामांनी अर्ज पुढ्यात ओढला.

"हव्या त्या विषयावर खूण कर. सही मी इथंच करतो. सभागृहात फार उकडतं."

"म्हणजे कळत होतं तुम्हाला!" लोसा आणखीच भडकली.