माउसला हात लागताच

घरचा कॉम्प्युटर बिघडला असं धरून मी सकाळभर त्याच्याशी झगडत होतो. स्क्रीनवर प्रोसेसरच्या वेगाचा आकडा सारखा खाली यायचा आणि माउसला हात लागला की लगेच वर चढायचा. शेवटी कळलं, बिघाड नव्हताच. काम नसलं की प्रोसेसर आपणहून मंदावतो. तापत नाही, जास्त टिकतो. बिचाऱ्याला उगाच शिव्या घातल्या म्हणून मी ओशाळलो.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. आई भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती. माझी चाहूल लागताच गुडघ्यावर हात दाबत उठली.

"चहा टाकू का रे?"

"टाक," मी नेहमीसारखं म्हणून गेलो.

तिनं गॅस पेटवला, आणि मला तिच्याकडे बघवेना.