निरवांगीच्या हवेचा गुण

ही गोष्ट सांगायची मी चार वर्षं टाळली. विषय निघाला की मला गोठ्यातलं काम आठवायचं. म्हैस विकून वर्ष झालं, तरी आठवायचं.

सांगवीच्या आमच्या सोयऱ्यांची मुलगी बारामतीला राहून प्लास्टिकवर पीएच.डी. करत होती. पिशव्यांचं प्लास्टिक नव्हे. यंत्रातली दातेरी चाकं ज्याची करतात, ते कणखर नायलॉन. झिजलं की ते भंगारात जातं. ते वितळवून पुन्हा वापरलं तर शेतातल्या उन्हापावसात किती टिकेल, हा तिचा प्रश्न होता. त्यासाठी तिने जुन्या चाकांपासून काळ्या पट्ट्या ओतून घेतल्या. वीतभर लांब, मधे बारीक, टोकांना रुंद. निम्म्या पट्ट्या बारामतीलगत जळोचीत तिच्या खोलीच्या गच्चीवर ठेवल्या, निम्म्या निरवांगीला माझ्या डाळिंबाच्या बागेत, लाकडी मांडणीवर. वर्ष झालं की यंत्रात ओढून तोडायच्या आणि किती जोर लागला ते लिहायचं.

“वरीसभर राखायचं आन मग तोडायचं?” आमची मंडळी म्हणाली. “मग आत्ताच तोड की गं.”

“आजी, ऊन खाऊन किती दम उरतो ते बघायचंय. टिकल्या तर माझं काम झालं.”

मी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

उन्हाने डाळिंबावर काळे डाग पडतात, म्हणून आम्ही उन्हाळ्यात बागेवर पांढरं कापड टाकतो. त्या वर्षी कापडाचा एक तुकडा उरला. पट्ट्या तापून चटका देत होत्या. पोरगी पास व्हावी असं मनापासून वाटत होतं. मी पट्ट्यांवर कापड अंथरलं, चारी बाजूंनी दगड ठेवले. दहावीच्या परीक्षेला खिडकीतून चिठ्ठ्या टाकणाऱ्या बापांना मी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आता मी त्यांच्यातलाच झालो.

ती निघण्याआधी फोन करायची. ती पोचेपर्यंत कापड काढून, घडी घालून मी पेंडीच्या पोत्यामागे दडवायचो. पट्ट्या फार नव्या दिसू नयेत म्हणून वर चिमूटभर मातीही भुरभुरायचो.

“आवं, जावयाला बी येवढं जपलं न्हाय तुमी,” मंडळी म्हणायची.

“जावयाची परीक्षा हाय का?”

वर्ष संपलं. जळोचीच्या पट्ट्या बिस्किटासारख्या तुटल्या. निरवांगीच्या पट्ट्यांनी यंत्राला घाम फोडला. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण पोरगी आली ती कपाळाला आठ्या घालून, आणि सोबत तिचे सर.

“आबा, पट्ट्या एकच, ऊन एकच. मग असं कसं? यांच्यावर कशाची सावली पडत होती का?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ऊन लागणं हीच परीक्षा होती, आणि मी पेपरच झाकून ठेवला होता. खरं बोलायची वेळ तीच होती. पण सर समोर उभे होते.

“सावली? हितं?” मी म्हणालो. “पोरी, हितलं पाखरू सावलीला जळोचीला जातंय.”

सरांनी बाटल्यांत पाणी भरून नेलं, पुड्यांत माती नेली. चहाच्या टपरीवर बातमी पोचायला वेळ लागला नाही.

“आपल्या हवेचाच गुण हाय,” एक जण म्हणाला. “प्लास्टिक बी म्हातारं होत न्हाय.”

“मग तुज्या गुडघ्याला काय झालं?” दुसऱ्याने विचारलं.

“गुडघा सासुरवाडीचा हाय.”

सगळे हसले. मीही हसलो, आणि गोठ्यात काम आहे म्हणत उठलो.

माती, पाणी, हवा, कशातच काही सापडलं नाही. सरांनी फर्मावलं, नव्या पट्ट्या ठेवा, पुन्हा एक वर्ष. चाकणच्या एका कारखान्याने तिच्यासाठी नोकरीची जागा धरून ठेवली होती. ते आणखी वर्षभर थांबले नाहीत. हे तिने मला हसत सांगितलं, पट्ट्या मांडता मांडता.

दुसऱ्या वर्षी मी कापडाला हात लावला नाही. निरवांगीच्या पट्ट्या जळोचीसारख्याच तुटल्या. तिचा प्रबंध पुरा झाला. त्यात निरवांगीच्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांपुढे लिहिलंय, ‘कारण समजू शकले नाही.’

पदवी मिळाल्यावर मी डाळिंबांची पेटी घेऊन जळोचीला गेलो. काय बोलायचं ते आठ दिवस बागेत झाडांपुढे घोकलं होतं. तिने जाडजूड प्रबंध उघडला आणि आभाराचं पान वाचून दाखवलं. ‘निरवांगीच्या आबांनी नमुने पोटच्या लेकरासारखे सांभाळले.’

“खरंय ना, आबा?”

मी तोंड उघडलं.

“डाळिंबं आत ठेव,” मी म्हणालो. “ऊन लागंल.”

परतीच्या एसटीत ते घोकलेलं सगळं बोलणं जसंच्या तसं आठवलं. ते असं होतं: पोरी, आमच्या हवेत काही गुण नव्हता. कापड मी टाकलं होतं, आणि तू विचारलंस तेव्हा खोटंही मीच बोललो. तुझं वर्ष गेलं, नोकरी गेली, ती माझ्यामुळे. मला माफ कर.