भाड्याची भिंत

बोर्ड रंगवून घ्यायला कुणी आलं, की दशरथ तायडेला एरवी बरं वाटायचं. त्या दिवशी मात्र पत्र्याचा तुकडा बगलेत मारून खुद्द घरमालकच गच्चीवरच्या त्याच्या खोलीपाशी आला आणि दशरथनं घाईनं दार अर्धं ओढून घेतलं.

"दशरथजी, लिख दो. कमरा किराये पर, सिर्फ स्टूडेंट," गोवर्धन सैनी म्हणाला.

"कौनसा कमरा, सैनीजी?"

"अरे, लिख तो दो पहले."

बोलता बोलता सैनीनं मान लांबवून आत डोकावून पाहिलं. दशरथ चौकटीत आडवा उभा राहिला. सैनी तसा वाईट माणूस नव्हता, पण दिवाळीच्या आधी सगळ्या घराची रंगाई करायची नि कोचिंगची पोरं ठेवायची, हे त्याच्या बायकोनं ठरवून टाकलं होतं. "कल से पुताईवाले आ रहे हैं. नीचे से शुरू करेंगे," एवढं सांगून तो उतरून गेला.

दशरथनं दार लावलं आणि भिंतींकडे पाहिलं. चारही भिंती काळ्या. खालपासून वर हात पोचेल तिथवर कोळशानं लिहिलेलं. ओळीवर ओळ, पुसलेल्या ओळीवर पुन्हा ओळ.

दशरथचा बाप मूर्तिजापूरकडचा. रेल्वेत गँगमन होता नि बदली होऊन जयपूरला आला. पोराला मात्र पक्की नोकरी कधी लागलीच नाही. यार्डात मालडब्यांवर खडूनं आकडे लिहायचं ठेकेदाराकडचं काम त्यानं बरीच वर्षं केलं. हात वर करून, उभ्यानं, मोठ्या अक्षरात. तिथूनच त्याच्या हाताला ती खोड लागली. कागदासमोर बसलं की त्याची अक्षरं आकसायची, ओळ मरायची. भिंतीसमोर उभं राहिलं की सुचायचं. ठेका सुटल्यावर तो स्कूटरच्या नंबरप्लेटा रंगवू लागला. सरकारी छापील प्लेटा आल्या नि तेही गेलं. उरले हे बोर्ड. त्यातून सकाळचं पीठ निघायचं. संध्याकाळी चहात टोस्ट बुडवला की झालं जेवण.

बायको लता फार पूर्वीच भुसावळला माहेरी गेली. "भितीशी बोलते तो मानूस. माह्याशी कधी बोलते?" असं भिंतीकडे हात करून म्हणाली नि गेली, ती आलीच नाही. तिचं काही चुकलं असं दशरथलाही वाटलं नाही.

सुरुवातीला तो भिंतीवर जमलेलं कागदावर उतरवून ट्रंकेत ठेवायचा. पण आदर्श नगरातल्या जुन्या खोलीत ट्रंकेला खालून वाळवी लागली. झाकण उघडलं तेव्हा वरच्या कागदाखाली नुसती माती होती. तेव्हापासून कागदावरचा भरवसा उडाला. भिंतीला कोण खातं, असं त्याला वाटलं. भिंत आपली नाही, हे ध्यानातच आलं नाही त्याच्या.

आणि भिंतींवर होती त्याची माय. शालन. बापाच्या पगारात भागायचं नाही म्हणून कोळशाच्या इंजिनांची राख जिथे उपसत, तिथे जाऊन ती अर्धवट जळालेले कोळसे वेचायची. तिची बोली, तिच्या शिव्या, तिच्या हाका, सगळी एक लांब कविता. रेल्वे कॉलनीत पोरं त्या बोलीला हसायची म्हणून लहानपणीच दशरथनं ती तोंडातून काढून टाकली होती. आता म्हातारपणी तिचा एकेक शब्द परत यायचा, आणि आत्ताच लिहिला नाही तर पुन्हा येणार नाही, ही धास्ती त्याला भाजी चिरतानाही सोडायची नाही. समोरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसा मागून आणायचा नि लिहायचा. मोठ्यानं मात्र त्यातली एक ओळ त्यानं कधी म्हटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खालून आवाज आला.

खर्र. खर्र. खर्र.

जुना रंग लोखंडी पत्तीनं खरवडत होते. आवाज पायातून चढून दातांत शिरत होता. दशरथनं कडी लावली. कागद काढले, पेन काढलं, पहिल्या भिंतीपाशी बसला. पण अक्षरच उमटेना. वाचायला वर पाहावं, खाली पाहीपर्यंत ओळ डोक्यातून उडालेली. खालचा आवाज थांबला की त्याचा श्वास थांबायचा. आता जिना चढत असतील. आता दार वाजेल.

दार वाजलं.

दशरथ भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पुन्हा वाजलं.

"काका? मी गौतमी. मम्मीने डब्बा दिलाय."

गौतमी कॉलेजात इंजिनीअरिंग करणारी, रेल्वे क्वार्टरमधल्या सुवर्णाबाईंची मुलगी. बाई अकोल्याकडच्या, म्हणून गाववाला समजून अधूनमधून झुणका-भाकर पाठवायच्या. पोरगी डबा नेहमी दारातूनच देऊन जायची.

"ठेव तिथंच," दशरथ आतून म्हणाला.

"काका, तुमचा आवाज असा का येतोय? तबियत ठीक आहे ना? नाहीतर मी नीचे अंकलला बोलवते."

"नको!" म्हणत त्यानं कडी काढली.

गौतमी आत आली नि डबा हातात तसाच राहिला. "ओ माय गॉड. काका, हे काय आहे?"

"माय हाय माही," दशरथच्या तोंडून निघून गेलं. मग तो घाईघाईनं खालच्या माणसांचं सांगू लागला, शब्द एकमेकांवर पडू लागले. "खरवडून टाकतीन वं पोरी ते. समदं. म्या काहाले लिवलं भितीवर, कायले लिवलं..."

"एक मिनिट, एक मिनिट. टेन्शन घेऊ नका. फोटो काढते ना." तिनं पटापट फोन फिरवला. मग स्क्रीन मोठी करून पाहिली. काळ्यावर काळं. नव्या ओळीतून जुनी डोकावत होती, कुठली खरी, कुठली पुसलेली, काही कळत नव्हतं. "काका, मतलब... मला तर काहीच वाचता येत नाहीये. तुम्हालाच येतं का?"

"मले येते. बोट फिरवलं का येते."

"मग बोला ना. मी रेकॉर्ड करते."

दशरथनं मान हलवली. "ते बोलाचं नाई. हासतीन लोक."

"कोण हसणार? मला तर अर्धं समजणार पण नाही," गौतमी म्हणाली. "बघा, ते वर येऊन राहिलेत."

खरंच, आवाज पहिल्या मजल्यावर आला होता. ते वऱ्हाडी "येऊन राहिलेत" तिनं कुठून उचललं कुणास ठाऊक, आईकडून असेल. दशरथनं त्या एका शब्दाला धरून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"राखीत हात घालते माय,
राख म्हंते, थांब वं, अजून ऊन हाओ मी."

आवाज फाटका निघाला, पण निघाला. बोट पुढे सरकत गेलं. गौतमी फोन धरून त्याच्या मागे मागे चालत राहिली. दुसरी भिंत झाली तेव्हा खालून शिडी ओढल्याचा आवाज आला. तिसरीवर असताना दोन माणसं गच्चीवर आली. बादली आपटली. दारात सैनी उभा.

त्यानं भिंती पाहिल्या. तोंड उघडंच राहिलं. "ये क्या कर रखा है आपने? मेरी दीवारें!"

"अंकल, प्लीज. दस मिनिट," गौतमी म्हणाली.

"दस मिनिट में क्या होगा? इन लोगों की दिहाड़ी चल रही है, बेटा. चलो रे, उधर से शुरू करो."

पुताईवाल्यानं दाराकडच्या चौथ्या भिंतीला पत्ती लावली. जी अजून म्हणायची राहिली होती, नेमक्या त्याच भिंतीला.

दशरथनं तिसरी घाईनं संपवली आणि धावल्यासारखा चौथीपाशी गेला. तो लहान असताना रुळाच्या पलीकडे कोळसा चांगला मिळायचा. उभ्या मालगाडीखालून माय सरपटत जायची आणि पोराला सांगून जायची, रुळाला कान लावून बस. रूळ वाजला का आवाज दे.

"कानाले रूळ थंडा लागते,
माय डब्याखाली, तिचा फक्त पाय दिसते.
रूळ वाजते. म्या आवाज देतो.
आवाज निंघत नाई."

खर्र. त्याच्या बोटापुढची जागा पांढरी झाली. धूळ त्याच्या डोळ्यांत गेली. पुढचं तसंही नीट नव्हतंच. तिथे तो किती वर्षं लिहीत आणि पुसत होता, भिंत तिथे नुसती डांबरासारखी काळी होती. आता तीही गेली. दशरथ उघड्या चुन्यावर बोट ठेवून उभा राहिला. ओळ नव्हती. माय गाडीखाली होती आणि रूळ वाजत होता.

पुताईवाल्याचाही हात थांबला.

"काका," गौतमी हळूच म्हणाली, "मग आई बाहेर आली का?"

दशरथनं तिच्याकडे पाहिलं. हा कविता ऐकणाऱ्याचा प्रश्न नव्हता. पोरगी खरंच घाबरली होती.

"आली," तो म्हणाला. "गाडी हालली तशी आली. मले एक थापड देली. मंग पोटाशी धरलं. म्हने, भेला का रे? म्या नाई भेली." तो थांबला. "लुगडं वलं होतं तिचं. मुतली होती ते भेवानं. मले समजलं होतं, पन म्या कधी कोनाले सांगितलं नाई. भितीले बी नाई."

गौतमीचा फोन अजून चालूच होता. सैनी खाली उतरला. त्याला किती कळलं, कोण जाणे.

दिवाळीच्या आत खोली पांढरी झाली. फाटकावर दशरथच्याच हातचा बोर्ड लागला नि कोटपुतळीकडची दोन पोरं राहायला आली. दशरथला सैनीनं जिन्याखालची जागा दिली. तिथे भिंत तिरपी, उभं राहता येत नाही. त्यानं अजून तिथे काही लिहिलेलं नाही.

गौतमी डबा घेऊन आली की तो आधी विचारतो, "हाय ना त्याच्यात?"

"आहे काका. दोन ठिकाणी सेव्ह केलंय."

"लाव."

ती लावते. पत्तीची खरखर त्याच्या आवाजाहून मोठी ऐकू येते. रुळापाशी पोचलं, आवाज निंघत नाई म्हटलं, की फोनमधला दशरथ गप्प होतो. पुढे काय आहे ते त्याला माहीत असतं. तरी तो गौतमीचं मनगट घट्ट धरतो आणि श्वास रोखून बसतो, माय बाहेर येईपर्यंत.