अकरा मिनिटं गप्प राहिलेला भोंगा

भोंगाबाई सलूनवाल्यावर भाळली आणि त्याच्यापायी तिनं सरकारी भोंगा अकरा मिनिटं बंद ठेवला, ही बातमी आमच्या गल्लीत कुजबुजली गेली ती टाळेबंदीच्या तिसऱ्या महिन्यात. कुजबुजणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. बातमी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात फक्त भोंगा आणि सलूनवाला होते. माझ्याकडून पुढे गेली तेव्हा बाईच्या केसांना कलप लागला होता, आणि तो सलूनच्या मागच्या दारानं लागला होता. काय करणार? दुकानं बंद, शाळा बंद, तोंडावर मास्क. कान तेवढे उघडे राहिले होते.

बाई मूळची वॉर्ड ऑफिसच्या टपाल विभागातली. पत्रांवर शिक्के मारणं आणि वहीत नोंदी करणं हे तिचं काम. पण आवाज असा स्वच्छ आणि सावकाश, की वीस वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्या हातात माईक दिला आणि तो परत घ्यायचं विसरलं. पाणी येणार नसलं, रस्ता खोदायचा असला, कुत्री पकडायला गाडी येणार असली, की भोंगा लावलेल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून बाई गावभर सांगत फिरायची. ‘उद्या सकाळी पाणीपुरवठा बंद राहील’ हे ती इतक्या गोड सुरात म्हणायची, की लोक आधी ‘वा!’ म्हणायचे आणि मग बादल्या शोधत पळायचे. भोंगाबाई हे नाव तेव्हापासूनचं. पन्नाशी ओलांडलेली, लग्न न केलेली, घरी फक्त आई.

ही आईच आमच्या गोष्टीचं मूळ. आम्हा गल्लीकरांना तेव्हा तिचा पत्ताच नव्हता, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. टाळेबंदीच्या आधी पाच आठवडे म्हातारी न्हाणीघरात घसरली आणि उजव्या पायाचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. बाईला नोकरी, घरी बघायला कुणी नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी पिवळी तीन मजली इमारत आहे, तो वृद्धाश्रम. तिथं आईला ठेवताना बाई म्हणाली होती, “दोनच महिने गं. चालायला लागलीस की घरी.” आणि मग मोठ्या साहेबांनी, म्हणजे सरकारच्या प्रमुखांनी, एका संध्याकाळी टीव्हीवर येऊन सगळंच बंद केलं. वृद्धाश्रमाचं दार सगळ्यात आधी लागलं. भेटी बंद, डबे बंद, खिडक्यासुद्धा बंद.

फोन होता की, असं तुम्ही म्हणाल. होता ना! पण म्हातारीचे कान दहा वर्षांपूर्वीच गेलेले. सेविका तिच्या कानाला फोन लावायची आणि इकडे बाई ओरडायची, “आई, मी बोलतेय!” तिकडून यायचं, “कोण? इथं कुणी नाही राहत. ठेवा.” तीन वेळा असं झाल्यावर बाईनं फोन करणं सोडलं. घरात आई होती तेव्हा टीव्ही मोठ्यानं लावावा लागायचा, शेजारी भिंतीवर थापा मारायचे. आता आई नव्हती तरी बाई टीव्ही तसाच मोठ्यानं लावायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. शेजाऱ्यांनी थापा मारणं थांबवलं होतं. त्याचंही तिला वाईट वाटलं, असं ड्रायव्हर मला म्हणाला.

पण भोंगा म्हातारीला ऐकू जायचा! पहिल्याच आठवड्यात गाडी पिवळ्या इमारतीखालून गेली, बाई घरातच राहण्याचा हुकूम वाचत होती, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बंद काचेमागे वॉकरसकट एक आकृती येऊन उभी राहिली. हात हलवला. काचेआड तोंडही हललं, पण आवाज कुठला यायला! बाई वाचायची थांबली, मग तोच हुकूम पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्या दिवसापासून रोज सकाळी अकराला गाडी तिथं थांबायची आणि हुकूम दोनदा वाचला जायचा. आईच्या तोंडचं तिला मात्र काही ऐकू यायचं नाही. “एकदा नुसती रागावली तरी चालेल हो,” असं ती ड्रायव्हरला म्हणायची. “‘किती हळू बोलतेस, जेवत नाहीस का?’ असं म्हणायची ती मला. मला, अन् हळू!”

आता आमच्या गल्लीची हकीकत. गल्लीचे तोवर उभे दोन भाग झाले होते, बंदवाले आणि उघडवाले. बंदवाल्यांचे पुढारी पेन्शनर काका, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून कारभार चालवणारे. उघडवाल्यांचा पुढारी सलूनवाला, स्वतःच्याच बंद शटरसमोर खुर्ची टाकून बसणारा. रोजचं भांडण ठरलेलं.

“मोठे साहेब रात्ररात्र झोपत नाहीत रे, तुमच्यासाठी!”

“मग झोपा म्हणावं जरा. उठले की नवीन नियम काढतात.”

“माझी पोरगी चौदा-चौदा तास हॉस्पिटलच्या वॉर्डात उभी असते. तोंडावर वळ उठलेत तिच्या. आणि तुला दाढीचं पडलंय?”

“काका, मला दाढी करायची नाहीये. करून द्यायचीये. घरात पाच तोंडं आहेत. तुमचं पेन्शन चालत घरी येतं, माझं गिऱ्हाईक तुम्ही घरात कोंडलंय.”

दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत होती. आम्ही बाकीचे ज्याची गॅलरी जवळ त्याच्या बाजूनं मान हलवायचो.

आणि अशात भोंग्यावरून नवीनच नियम ऐकू यायला लागले. हात धुवा, अंतर ठेवा, विनाकारण बाहेर पडू नका, हे झालं, की त्याच सरकारी सुरात बाई म्हणायची, “ज्येष्ठ नागरिकांनी सकाळी स्वेटर घालावा. दुपारची पांढरी गोळी जिभेखाली लपवून नंतर थुंकू नये. उजव्या पायावर जोर देऊ नये. हुकमावरून.”

झालं! पेन्शनर काका भर उन्हाळ्यात स्वेटर घालून गॅलरीत. घामानं निथळतायत, पण शिस्त म्हणजे शिस्त. स्वतःच्या गोळ्यांत पांढरी एकही नाही म्हणून त्यांना दोन दिवस चैन नव्हतं. शेवटी पोरीकडून एक पांढरी मागवून घेतली. उजवा पाय उचलून चालायची त्यांनी सवय केली. मी विचारलं, “काका, पायाचं काय कारण असेल?” तर म्हणाले, “शास्त्रज्ञांनी काढलंय काहीतरी. उगाच नाही सांगत.”

उघडवाल्यांना तर आयतं कोलीत मिळालं. सलूनवाला खुर्चीवर उभा राहून ओरडला, “दुकान बंद केलं, गप्प बसलो. शाळा बंद केल्या, गप्प बसलो. आता सरकार आमच्या स्वेटरपर्यंत आलं! आज उजवा पाय, उद्या डावा! परवा काय, रांगायचं?” टाळ्या पडल्या. बंदवाल्यांकडूनही दोन पडल्या, पण त्यांनी नंतर नाकारल्या.

काकांनी काय करावं? वॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं, की उजव्या पायाच्या नियमाची छापील प्रत मिळावी, म्हणजे विरोधकांची तोंडं बंद करता येतील. पत्र नेमकं टपाल विभागात आलं, त्यावर बाईनंच शिक्का मारला आणि वहीत नोंद करून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. फाडून टाकता आलं असतं. पण वीस वर्षांत एक पत्र फाडलं नव्हतं, ते आता कुठं फाडणार!

साहेबांनी बोलावलं. “हे उजव्या पायाचं काय आहे, बाई?”

बाईनं पत्रावरचा आपलाच शिक्का नीट बघून घेतला.

“हे बघा, तिकडे मोर्चे निघतायत, वरून रोज फोन येतायत, मोठे साहेब स्वतः ऐकतायत कुठे काय बोललं जातं ते. लेखी मजकुराबाहेर एक शब्द गेला, किंवा एक शब्द कमी पडला, तर तुम्ही नुसत्या टपालात आणि गाडीवर रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग तयारच आहे. कळलं?”

“कळलं, साहेब.”

“आणि कुठे थांबायचं नाही जास्त.”

“पिवळ्या इमारतीपाशी वळायला वेळ लागतो, साहेब.”

ड्रायव्हर दाराशी उभा होता. त्यानं मान डोलावून साक्ष दिली. तो त्या गाडीला एका झटक्यात वळवायचा, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

त्यानंतर चार दिवस बाईनं छापील मजकूरच वाचला, ओळीला ओळ. आईला तेवढ्यावर भागवावं लागलं. म्हातारी काचेमागे येऊन उभी राहायची, हात हलवायची, आणि गाडी पुढे गेली तरी तिथंच असायची. ड्रायव्हर आरशात बघायचा आणि बाईला सांगायचा, “आहेत अजून.” पुढच्या वळणापर्यंत तो सांगत राहायचा, “आहेत... आहेत... आता दिसत नाहीत.”

पाचव्या दिवशी उघडवाल्यांचा मोर्चा ठरलेला. गल्लीच्या तोंडाशी जमायचं, अकरा वाजता निघायचं. ऑफिसचा हुकूम होता की भोंगा साडेदहापासून क्षणभरही बंद राहता कामा नये. गाडी आली, पिवळ्या इमारतीखाली उभी राहिली. “सर्व दुकानं पुढील आदेशापर्यंत...” इथवर आवाज आला आणि मध्येच तुटला. इंजिनही बंद पडलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. तीन महिन्यांत आमच्या गल्लीनं एवढी शांतता अकराच्या सुमाराला ऐकली नव्हती. आधी सगळे दचकले. मग कुणीतरी म्हणालं, “वाक्य अर्ध्यात सोडलं. हुकूम आला वाटतं वरून. उठलं!” बस, एवढं पुरलं. सलूनवाल्यानं शटर वर ओढलं. त्याचं बघून चपलावाल्यानं ओढलं, इस्त्रीवाल्यानं कोळसे पेटवले. सलूनमध्ये एक गिऱ्हाईक बसलंसुद्धा, गालावर फेस लागला. ते गिऱ्हाईक मी होतो. तीन महिन्यांची दाढी होती, मला नावं ठेवू नका.

पेन्शनर काका स्वेटरसकट रस्त्यावर आले. “बंद करा! हुकूम उठलेला नाही!”

“मग भोंगा का गप्प?”

“भोंगा गप्प म्हणजे परवानगी असते का रे, गाढवा?”

“तीन महिने भोंगा बोलला ते तुम्ही ऐकलं, आता गप्प बसलाय तर तेही ऐका की!”

मग काय व्हायचं ते झालं. ढकलाढकली झाली. कुणाची तरी कुंडी फुटली. काकांचा चष्मा पडला, आणि तो सलूनवाल्यानंच उचलून दिला, पण देताना पुन्हा शिवी हासडली. पोलीस आले. अकरा मिनिटांनी भोंगा परत सुरू झाला, तोवर शटरं खाली आली होती आणि मी अर्ध्या फेसासकट जिन्यात लपलो होतो. पुढचे चार दिवस अर्धी दाढी घेऊन फिरलो, घरातल्या घरात.

चौकशी झाली. बंदवाले म्हणाले, बाई विरोधकांना फितूर. उघडवाले म्हणाले, बाई आतून आपली. सलूनवाल्याला विचारलं तर तो मिशीतल्या मिशीत हसला, कारण त्याला त्यात मोठेपणा मिळत होता; तिथूनच भाळण्याची बातमी जन्मली, आणि तिला कलप मी लावला. साहेबांनी बाईला विचारलं, “माईक बिघडला होता का? बिघडला म्हणा, मी तसं लिहितो.”

“नाही साहेब. मी बंद केला.”

“का?”

“केला.”

याच्यापुढे एक अक्षर नाही. ड्रायव्हर जमिनीकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून गाडीवर एका जाड्या पुरुषी आवाजाचं रेकॉर्डिंग लागलं आणि बाई नुसत्या टपालात राहिली. गाडी इमारतीपाशी आली की म्हातारी काचेशी यायची, आवाज ऐकायची आणि परत आत जायची. हात हलवायची नाही. हे ड्रायव्हरनं आरशात पाहिलं, पण बाईला सांगितलं नाही. बाई सुट्टीच्या दिवशी परवाना काढून चालत यायची, खाली उभी राहायची. हाक मारायची. काचेआडच्या बहिऱ्या म्हातारीला ती कुठली ऐकू जायला?

अडीच महिन्यांनी दार उघडलं. निवडणूक झाली, मोठे साहेब गेले, दुसरे मोठे साहेब आले. काका आणि सलूनवाला आता त्यांच्यावरून भांडतात, बाजू बदलून. बाई आईला आणायला गेली. ड्रायव्हर सोबत होता, सामान उचलायला. म्हातारी खूप वाळली होती. तिनं बाईकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही ऑफिसातून आलात का?”

बाई तिच्या कानाशी वाकून म्हणाली, “हो.”

“एक बाई यायची गाडीतून. फार छान बोलायची. माझ्या गोळीची आठवण करायची. हल्ली येत नाही ती.”

“येईल.”

“तिला सांगा, मी वाट बघते म्हणून.”

“सांगते,” बाई म्हणाली, आणि तिचा वॉकर धरला.

आई घरी आणखी दीड वर्ष होती. लेक म्हणून तिनं बाईला पुन्हा कधी ओळखलं नाही. बाई आता निवृत्त झाली आहे. आई गेल्यावरच ड्रायव्हरनं मला सगळं सांगितलं, आणि आधी माझ्याकडून शपथ घेतली की मी कुणाला सांगणार नाही. ती मी इतकी वर्षं पाळली. त्या सेविकेची नोकरी जाऊ नये म्हणून बाईनं चौकशीत तोंड उघडलं नव्हतं, आणि ती सेविकाही आता तिथं नाही.

सलूनवाल्याशी बाईचा काहीही संबंध नव्हता. त्या दिवशी खोलीत औषधाची फवारणी झाली म्हणून सेविकेनं खिडकी उघडली होती. आई खिडकीशी येऊन बोलत होती, आणि भोंगा चालू असताना तिचं बोलणं बाईला ऐकू येत नव्हतं.