पीपीच्या अण्णांचा फोन

पीपी इतकी सोशिक होती की तिला छळणाऱ्याचाच अपमान व्हावा. नववीच्या फॉर्मवर तिनं फोन नंबर म्हणून घरासमोरच्या किराणा दुकानाचा नंबर लिहिला आणि पुढे ‘पी.पी.’ टाकलं. शेजाऱ्यांचा फोन असला की तेव्हा सगळेच तसं लिहीत. पण बाईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं आणि ती कायमची पीपी झाली. कुणीही त्या नावानं हाक मारली तरी ती हसून ‘ओ’ द्यायची. आम्हाला त्या हसण्याचाच राग यायचा.

तिचे वडील परळी सोडून सुरतेला साडीच्या मिलमध्ये गेले होते. सुरुवातीला त्या दुकानात त्यांचा फोन यायचा, मग तो बंद झाला. त्याच सुमारास थर्मल वीजकेंद्राच्या कॉलनीत आमच्या घरी नवा फोन लागला आणि आम्हा तिघी मैत्रिणींना उद्योग मिळाला. रविवारी दुकानात फोन लावायचा, तिघींतल्या घोगऱ्या आवाजाच्या मुलीनं ‘समोरच्या पोरीला बोलवा’ म्हणायचं आणि ती आली की गप्प बसायचं.

आधी चपलांचा फटफट आवाज यायचा, मग तिची धाप. “अण्णा, मी हाय. तुमचा आवाज येत न्हाई. सुरतंची लाईन लई खराब हाय.” आणि मग त्या मुक्या फोनला ती सगळं सांगायची. शेळी व्याली, आईची कंबर दुखायलीय, गणितात पस्तीस पडले. आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसायचो. सोमवारी ती वर्गात सांगायची, “अण्णांचा फोन आलता.” आणि आम्ही पुन्हा हसायचो.

एका रविवारी ती म्हणाली, “अण्णा, तुमी फोन करायलात म्हणून आई आता नीट जेवायलीय.” त्या दिवशी माझं हसू गेलं ते गेलंच.

पुढे बाकीच्या दोघी कंटाळल्या. मला मात्र थांबता येईना. खरं सांगावं तर तिची आई पुन्हा जेवण सोडणार, फोन बंद करावा तरी तेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी एकटीच फोन लावू लागले. आता त्या घोगऱ्या आवाजाचीही गरज नव्हती. पलीकडून कुणी बोललं नाही की दुकानदार आप्पा स्वतःच ओरडायचे, “ये पोरी, सुरतंचा फोन हाय.” मी चांगलं करतेय असं स्वतःला सांगायचे. खरं तर मी भित्री होते.

दिवाळीनंतर पीपी शाळेत आली ती दाखला न्यायलाच. “आमी उद्या सुरतंला चाललो. आई म्हणली, माणूस दर रविवारी फोन करतो, बोलवायलाच करत असंल. आपणच जाऊ.”

“पत्ता?” मी विचारलं.

“मिलचं नाव आईला ठावं हाय की.”

दुसऱ्या दिवशी सगळं सांगून टाकायचं ठरवून मी स्टँडवर गेले. तिची आई ठेवणीतलं लुगडं नेसून गाठोड्यावर बसली होती. मला जवळ घेऊन म्हणाली, “हिला कुणी मैत्रीण न्हाई असं वाटायचं मला. बरं झालं आलीस, बाई.” मी पीपीला बाजूला नेलं. “ते फोन आहेत ना…” एवढंच तोंडातून निघालं.

“ऐकूच येत न्हाईत, न्हाई का?” ती हसली. “आता समोरासमोर बोलू.”

गाडी लागली. तिनं माझा नंबर तळहातावर लिहून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझी चेष्टा केली. “घरचाच हाय ना? का पी.पी.?” मग म्हणाली, “अण्णा भेटले की फोन करते.”

तो फोन आला नाही.